अंगावर पाजताना शतावरी, मेथी, शेवग्याची पावडर : सुरू कशी करायची आणि दूध बदललं तर काय करायचं

बाळंतिणीला कुणी "दूध कमी पडतंय का गं?" असं नुसतं विचारलं, की दोन दिवसांत घरात चार डबे येतात. शतावरी कल्प सासूबाई आणतात, मेथीच्या कॅप्सूल मैत्रीण सुचवते, शेवग्याच्या पानांची पावडर मोबाइलवरून मागवली जाते आणि दशमूलारिष्टाची बाटली माहेरून आलेलीच असते. चारही एकाच दिवशी सुरू होतात. आठवड्याभरात दुधाला हिरवट छटा येते, बाळाच्या अंगाला वेगळाच वास येतो किंवा त्याला पातळ शी होऊ लागते. कशामुळे झालं हे मग कुणालाच सांगता येत नाही. घाबरून जे केलं जातं तेही उलटंच असतं. डबे चालू राहतात आणि अंगावरचं पाजणं बंद होतं.

क्रम असा हवा : बदल दिसला की आधी डबा बंद करायचा, पाजणं चालू ठेवायचं. दूध बाळाला देऊ नये असे प्रसंग थोडे आहेत, ते पुढे येतीलच. पण सुरुवात डबा उघडण्याच्याही आधीपासून करावी लागते.

## टप्पा १ : दूध खरंच कमी आहे का, ते आधी बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस फक्त चीक येतो, तोही थोडा. बाळाचं पोट तेवढंच असतं. भरपूर दूध साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उतरतं. सिझेरियन झालं असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा मधुमेह असेल, तर थोडा उशीर होऊ शकतो. या दिवसांत पावडर सुरू केली आणि पाचव्या दिवशी छाती भरून आली, तर श्रेय पावडरला जातं. खरं तर ते आपोआपच होणार होतं.

दूध पुरतंय की नाही हे बाळावरून ठरतं.

- पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली ओली शू होते का?
- शी काळ्या रंगावरून पिवळ्या रंगावर आली का?
- बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं का, आणि पिताना गिळल्याचा आवाज येतो का?
- पहिल्या दिवसांत घटलेलं वजन दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनाइतकं झालं का? त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतंय का?

या सगळ्यांचं उत्तर "हो" असेल, तर दूध पुरतंय. सव्वा महिन्यानंतर छाती मऊ लागते, पान्हा फुटल्याचं पूर्वीसारखं जाणवत नाही, संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं. यातलं काहीही दूध आटल्याची खूण नाही. पंपाने किती निघालं हेही माप नव्हे. बाळ जितकं ओढतं तितकं पंप ओढू शकत नाही.

उत्तर "नाही" असेल, तर पावडरच्या आधी बाळ स्तन नीट तोंडात घेतं का ते कुणाकडून तरी बघून घ्या. फक्त बोंड तोंडात असेल तर आईला दुखतं आणि बाळाला मिळतं कमी. दूध तयार होतं ते स्तन रिकामे होण्यावर. बाळाच्या पकडीतला दोष कोणतीही वनस्पती काढू शकत नाही. थायरॉइडचा त्रास, वारेचा तुकडा आत राहणं, बाळाची जीभ खाली बांधलेली असणं, ही कारणंही डॉक्टरांनीच शोधायची असतात.

सावधान : बाळाची शू कमी होतेय, वजन वाढत नाही, बाळ सुस्त आहे, असं असताना "आठवडाभर शतावरी घेऊन बघू" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी बाळाच्या डॉक्टरांकडे जा.

## टप्पा २ : ताटातलं आणि डब्यातलं वेगळं करा

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीची भाजी, जेवणानंतर चमचाभर बाळंतशेपा-ओवा-तीळ हे अन्न आहे. नेहमीच्या प्रमाणात खायला बहुतेकींना हरकत नसते. डबा वेगळा असतो, कारण त्यात तीच वनस्पती वाळवून, दळून किंवा अर्क काढून एका चमच्यात गोळा केलेली असते. पुदिन्याची चटणी आणि पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल एकाच तराजूत घालू नका.

ताटातल्याचीही मोजदाद मात्र ठेवा. सकाळी मेथीचा लाडू, दुपारी मेथीची भाजी आणि वर दिवसातून तीनदा मेथीच्या कॅप्सूल, असं झालं की आईचं पोट फुगतं, तिला पातळ शौचाला होतं आणि बाळही कुरकुरतं. घरचे मग लाडवाला दोष देतात, कॅप्सूलचं नाव कुणी घेत नाही.

शतावरी कल्पाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. बाजारातल्या बहुतेक कल्पात वजनाने मोठा भाग साखरेचा असतो. गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर दिवसातून दोनदा दोन-दोन चमचे कल्प म्हणजे तेवढी साखरच पोटात जाते.

## टप्पा ३ : यादी करा आणि डॉक्टरांना दाखवा

एका कागदावर तुम्ही घेताय ते सगळं लिहा : लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, थायरॉइडची, रक्तदाबाची गोळी, काढा, लाडू, पावडर. मग तो कागद स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि बाळाच्या डॉक्टरांना, दोघांनाही दाखवा. वैद्यांकडून घेत असाल तर अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या त्यांनाही सांगा. "आयुर्वेदिक आहे, ते कशाला सांगायचं" असं म्हणून बहुतेक जणी हे लपवतात. लपवलं जातं नेमकं इथेच.

पुढच्यापैकी काही असेल, तर विचारल्याशिवाय डबा उघडू नका.

- मधुमेह : मेथी साखर खाली आणते. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना साखर जास्तच उतरू शकते.
- रक्त पातळ करणारी गोळी : मेथीने तिचा परिणाम वाढू शकतो.
- शेंगदाणा किंवा हरभऱ्याची अ‍ॅलर्जी, दमा : मेथी याच कुळातली आहे, त्यामुळे मेथीचीही अ‍ॅलर्जी असू शकते.
- बाळंतपणात वाढलेला रक्तदाब : दुधासाठीच्या काही मिश्रणांत ज्येष्ठमध म्हणजे यष्टिमधु असतं. ते जास्त झालं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं.
- थायरॉइड : अश्वगंधा स्वतःहून घेऊ नका. तिने थायरॉइडच्या पातळीत फरक पडतो, आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.
- यकृताचा त्रास : गुळवेलीबद्दल खास विचारा. कोविडच्या काळात रोज गुळवेलीचा काढा घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं.

तपासा : थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेताय ना? ती गिळून लगेच दुधातून कल्प घेतला, किंवा लोह-कॅल्शियमची गोळी घेतली, तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. लोह आणि कॅल्शियमपासून चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही दुधातल्या कल्पाबरोबर नको.

## टप्पा ४ : डब्यावरचं लेबल वाचा

आयुर्वेदिक औषध असेल तर डब्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, प्रत्येक घटकाचं नाव आणि प्रमाण लिहिलेलं हवं. खाद्यपूरक म्हणून विकलं जात असेल तर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक हवा. यापैकी काहीच नसलेली प्लास्टिकच्या पिशवीतली "घरगुती" पावडर, ती कितीही ओळखीच्या बाईने दिलेली असो, घेऊ नका.

घटकांच्या यादीत भस्म, पारद, रससिंदूर, हरताळ, मनःशिला, नागभस्म असं काही दिसलं, तर अंगावर पाजत असताना ते स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. नागभस्म शिशाचं असतं, रससिंदूर पाऱ्याचं, आणि हरताळ व मनःशिलेत आर्सेनिक असतं. शिसं दुधातून बाळाकडे जातं आणि बाळाच्या वाढत्या मेंदूला ते घातक असतं. काहीच न लिहिलेल्या डब्यातही धातू निघू शकतात : २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

आसव-अरिष्टांच्या, म्हणजे आंबवून केलेल्या औषधांच्या बाटलीवर "स्वयंनिर्मित अल्कोहोल" असं छापलेलं असतं. दशमूलारिष्टात ते साधारण पाच ते दहा टक्के असतं. वैद्यांनी दिलं असेल तर सांगितलेल्या मात्रेतच घ्या, आणि बाळाला नुकतं पाजून झाल्यावर घ्या, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत वेळ मिळतो. अंदाजाने बाटलीच तोंडाला लावणं नको.

सावधान : सोनामुखी आणि कोरफडीचा रस बाळंतिणीच्या बद्धकोष्ठावर सर्रास दिले जातात. आईबरोबर बाळालाही जुलाब लागू शकतात. त्याऐवजी पाणी, फळं आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्या.

## टप्पा ५ : एका वेळी एकच, आणि वहीत नोंद

आता डबा उघडायचा, पण एकच. सर्वांत कमी मात्रेपासून सुरू करा आणि चार-पाच दिवस दुसरं काही नवीन घालू नका. त्या दिवसांत नवं औषध, नवा फेसपॅक, बाळासाठी नवं तेल, काहीही नको.

नोंद अशी पुरते :

"मंगळवार. सकाळी ८ शतावरी १ चमचा, पाण्यातून. बाळ ९ वेळा प्यायलं. शू ७, शी ३, पिवळी. रात्री दोनदा पोट कडक, रडला."

सुरू करण्याच्या आधीचे दोन दिवसही असेच लिहा. हे पान बहुतेक जणी गाळतात आणि मग तुलना करायला काहीच उरत नाही. बाळाचं वजन त्याच काट्यावर, कपडे काढून करा. घरचा काटा, दवाखान्याचा काटा असं आलटून पालटून केलं तर काहीच कळत नाही.

अपेक्षा माफक ठेवा. मेथी आणि शतावरीवर अभ्यास झाले आहेत, पण ते छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पाच-सात दिवसांत बाळाच्या शू-वजनात काहीच फरक पडला नाही, तर मात्रा दुप्पट करू नका. ती वस्तू बंद करा आणि टप्पा १ कडे परत जा.

बडीशेप-ज्येष्ठमधाचे चहा पाण्यासारखे दिवसभर पीत राहू नका. असे चहा दिवसाला दोन लिटरहून अधिक पिणाऱ्या आयांची बाळं सुस्त आणि पिण्यात मंद झाल्याची नोंद आहे. चहा बंद केल्यावर ती सुधारली.

घरातल्या मोठ्यांना दुखवायचं नसेल, तर "आई, लाडू मी खातेच आहे. पावडर शुक्रवारी डॉक्टरांना दाखवते आणि मग घेते" एवढं पुरतं. बहुतेक सासवा ऐकतात.

## टप्पा ६ : दुधात बदल दिसला तर

आधी बाळाकडे बघा. ते नेहमीसारखं पितंय, शू होतेय, जागं असताना टक लावून बघतंय, तर धावपळीची गरज नाही. डबा बंद करा, पाजत राहा, वही उघडा.

### रंग

पिवळा, निळसर, पातळ : चीक पिवळाच असतो. पाजताना सुरुवातीचं दूध निळसर-पातळ आणि शेवटचं दाट असतं. "दूध पाण्यासारखं पडलं" म्हणून वरचं दूध सुरू करण्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात चुकीचं कारण आहे. आईचं दूध म्हशीच्या दुधासारखं दिसायचं नसतंच.

हिरवट : शेवग्याच्या पानांची पावडर, स्पिरुलिना, गव्हांकुर किंवा पालेभाज्यांच्या रसाने छटा येऊ शकते. डबा बंद केल्यावर एक-दोन दिवसांत जायला हवी. मात्र एकाच स्तनातून, एकाच जागेतून दाट हिरवा-काळपट स्राव येत असेल, तर दाखवा.

गुलाबी, विटकरी, लालसर : बीट खाल्लं होतं का? बोंडाला चीर आहे का? पहिल्या काही दिवसांत दुखत नसताना विटकरी रंगाचं दूध येतं, ते स्तनातल्या वाढत्या रक्तवाहिन्यांमुळे. साधारण आठवड्यात ते आपोआप थांबतं. चिरेतलं थोडं रक्त बाळाच्या पोटात गेलं तर शी काळपट दिसू शकते, तेवढ्यावर पाजणं बंद करू नका. आठवड्यानंतरही रक्त येतच असेल, तर तपासणी हवी.

काढून ठेवलेलं दूध काही वेळाने गडद गुलाबी होत असेल किंवा पंपाच्या नळीवर, लंगोटावर गुलाबी डाग पडत असतील, तर ते जंतूंमुळे असू शकतं. ते दूध बाळाला देऊ नका. पंप उकळून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नारिंगी, काळपट : क्षयाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात, दुधावरही ती छटा येऊ शकते. क्षयाची औषधं त्यासाठी एक दिवसही थांबवायची नाहीत. मुरुमांसाठीच्या मिनोसायक्लिनने दूध काळं झाल्याच्या नोंदी आहेत. ते घेत असाल तर डॉक्टरांशी बोलून बदला.

### वास आणि चव

मेथी जास्त झाली की आईच्या घामाला आणि बाळाच्या लघवीलाही जळक्या साखरेच्या पाकासारखा गोड वास येतो. इथे एक गोष्ट जिवावरची आहे : लघवीला असाच वास एका दुर्मीळ जन्मजात आजारातही येतो आणि त्या आजाराला तातडीचे उपचार लागतात. वास आहे आणि बाळ छान पितंय, तर मेथी बंद करून दोन दिवस बघा. वास आहे आणि बाळ पीत नाही, सुस्त आहे, तर लगेच रुग्णालयात जा आणि मेथी घेत असल्याचं सांगा. डॉक्टरांना ते माहीत नसेल तर विनाकारण तपासण्या होतात. पण "मेथीमुळेच असेल" म्हणून घरी थांबणं त्याहून घातक आहे.

लसणीचा वास आईने खाल्ल्यावर दीड-दोन तासांनी दुधात येतो आणि बहुतेक बाळांना तो चालतो. साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येत असेल, तर तो दुधातल्या लायपेज नावाच्या विकराचा असतो, वनस्पतीचा नव्हे. बाळ ते पीत असेल तर देऊ शकता.

दूध खारट लागलं तर स्तनावर हात फिरवा. गाठ, लाली, ताप, अंगदुखी असेल तर स्तनदाह असू शकतो. अशा वेळी पाजणं चालू ठेवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. मेथी आणि शतावरी मात्र त्याच क्षणी बंद, कारण भरलेल्या छातीत आणखी दूध आणून उपयोग नाही.

### प्रमाण

अचानक खूप वाढलं : छाती दगडासारखी, बाळ पिताना ठसकतं, हिरवी फेसाळ शी. दूध वाढवणारं सगळं बंद करा, एका वेळी एकाच बाजूला पाजा आणि पंप लावून पूर्ण रिकामं करण्याचा मोह टाळा. रिकामं केलं की शरीर पुन्हा तेवढंच तयार करतं.

अचानक कमी झालं : मागच्या पाच दिवसांची यादी बघा. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं का? इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू झाली का? पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल? पुन्हा दिवस गेलेत का? आणि मोगरा! दक्षिण भारतात दूध आटवण्यासाठी मोगऱ्याच्या फुलांच्या माळा स्तनांवर बांधतात, आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये त्याची तुलना दूध आटवणाऱ्या गोळीशी केली तेव्हा फुलांनीही दूध कमी झालेलं दिसलं. केसात गजरा माळायला हरकत नाही, स्तनांवर फुलं बांधू नका.

तपासा : डबा बंद करून दोन ते तीन दिवस झाले, तरी बदल तसाच आहे? मग कारण डबा नव्हता. डॉक्टरांकडे जा आणि वही बरोबर न्या.

## टप्पा ७ : वाट न बघता रुग्णालयात जायचे प्रसंग

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हलवूनही नीट जागं न होणं, दोन-तीन वेळचं पाजणं सलग नाकारणं, सहा तास शू न होणं, शीमध्ये रक्त, वाढत जाणारी कावीळ, अंगभर पुरळ किंवा श्वासाला घरघर, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. आईचा चेहरा-ओठ सुजले, धाप लागली, डोळे पिवळे झाले, तरी तेच.

डबा फेकू नका, लेबलासकट बरोबर न्या. बाळावर किंवा तुमच्यावर परिणाम झाल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना औषधसुरक्षेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नोंद करायला सांगा, किंवा १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर स्वतः कळवा. आयुर्वेदिक औषधांसाठी आयुष मंत्रालयाचीही वेगळी नोंदव्यवस्था आहे.

## टप्पा ८ : साठवलेलं दूध आणि दुग्धपेढी

बदल दिसला त्या दिवसांत काढलेल्या दुधाच्या पिशव्यांवर तारीख आणि त्या दिवशी काय घेतलं होतं ते लिहा. नुसत्या हिरवट छटेचं दूध टाकायची गरज नसते. गुलाबी झालेलं टाका. काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंत बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस ठेवता येतं. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात बाहेरचे चार तास धरूच नका, लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

दूध जास्त झालं म्हणून दान करायचं असेल, तर दुग्धपेढीच्या अर्जात काढे, कॅप्सूल, अरिष्टं सगळी लिहा. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली, आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहेत. तिथलं दूध अपुऱ्या दिवसांच्या, अतिशय कमी वजनाच्या बाळांना जातं. तुम्ही वनौषधी घेताय हे कळलं तर पेढी कदाचित काही दिवस थांबायला सांगेल. तेवढे दिवस दूध काढत राहा, म्हणजे ते आटणार नाही.